खासगी तलावाच्या मातीच्या बांधातून पाझर : सांडवा उंच केल्याचा हा परिणाम असेल काय?

नीरेकाठचा (फेब्रुवारी)

नमस्कार. भोर तालुक्याच्या पश्चिम भागात आमच्या कुटुंबाची जमीन आहे आणि तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्यावर माझ्या आजोबांनी 1968 ते 1970 या तीन उन्हाळ्यांत मातीचा बांध घालून एक लहान तलाव केला. बांधाची लांबी 110 मीटर, ओढ्याच्या तळापासून उंची साडेसहा मीटर आणि माथ्याची रुंदी तीन मीटर आहे. तलाव भरला की सुमारे दोन हेक्टर क्षेत्र पाण्याखाली जाते. मधल्या गाभ्यासाठी खालच्या शेतांतली काळी माती बैलगाड्यांनी आणून ती पाणी मारून गुरांच्या पायांखाली तुडवली होती, दोन्ही अंगांना मुरूम घातला होता आणि पाण्याकडच्या उतारावर दगड बसवले होते, असे वडील सांगत असत. उजव्या बाजूला जादा पाणी वाहून जाण्यासाठी कातळात खोदलेला तीन मीटर रुंदीचा सांडवा आहे. त्याचा उंबरठा बांधाच्या माथ्यापासून दीड मीटर खाली होता. वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे 40 हेक्टर असून ते सगळे चढाचे आहे.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले, म्हणून मी सांडव्यात काँक्रीटचा 45 सेंटीमीटर उंच कट्टा बांधला. त्यामुळे आठ-नऊ हजार घनमीटर पाणी जास्त साठू लागले. आम्ही तलावात रोहू आणि कटला सोडतो. ते पुरात वाहून जाऊ नयेत यासाठी त्याच कट्ट्यावर लोखंडी जाळीही बसवली.

गेल्या ऑक्टोबरात बांधाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याच्या थोडे वर, मध्यापासून जरा डावीकडे ओल दिसू लागली आणि आता तिथून करंगळीएवढी धार सतत वाहते. त्याच भागात बांधाच्या उतारावर एक जुने उंबराचे झाड आहे. एका ठेकेदाराने असे सुचवले आहे की पायथ्याशी काँक्रीटची भिंत घालून ही धार बंद करून टाकावी. खाली ओढ्याकाठी साधारण 800 मीटरवर अकरा घरांची वाडी आहे. म्हणूनच मला घाईने चुकीचे काही करायचे नाही, आणि उशीरही करायचा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माती आणि पाणी

मी लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

काँक्रीटची भिंत घालू नका. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडे पाणी पाझरतेच आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट कोरड्या बाजूने बुजवली, तर पाणी भरावातच तुंबते, ओलीची पातळी वर चढते आणि उतार भिजून घसरतो. धार दिसेनाशी होते, पण बांध आतून दुबळा होत राहतो. कोरड्या बाजूला जे करायचे ते एवढेच की पाण्याला जाऊ द्यायचे आणि मातीला थोपवायचे. त्यासाठी ओलीच्या जागेवर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठे दगड असा थर देतात. आम्ही त्याला उलटा फिल्टर म्हणतो. वाळू मातीचा कण अडवते, खडी वाळूला अडवते आणि दगडांचे वजन सगळ्याला दाबून धरते. क्रम चुकवून थेट दगड टाकले, तर त्यांच्या फटींतून माती निघून जाते.

पाझर किती आहे यापेक्षा त्यातून काय वाहून येते हे मला आधी कळायला हवे. एका पारदर्शक काचेच्या बाटलीत धारेचे पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी काही बसले आहे काय आणि त्याचा रंग कोणता आहे, ते कळवा. त्याबरोबरच दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते याची आठवड्यातून एकदा नोंद करा आणि तिच्यासमोर तलावाची पातळी लिहा. पातळी उतरत असताना धार कमी होत गेली तर थोडा दिलासा मानता येतो. पाणी उतरूनही धार तेवढीच राहिली किंवा वाढली, तर आत पोकळी तयार होत आहे असे समजावे. घुशी आणि खेकड्यांची बिळे हेही एक कारण असू शकते. मात्र आपल्याला एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर आठवून द्यावे : गेल्या काही वर्षांत हा बांध कुठे खोदला होता काय?

आता सांडव्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने पाझराहून मोठा धोका तिथे आहे. आपल्या भागात जुलैमध्ये तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडू शकतो असे धरा. 40 हेक्टरांवर तो 40 हजार घनमीटर होतो आणि त्यातला निम्मा वाहून आला तरी सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी तलावात येते. (जमीन आधीच भिजलेली असेल, तर निम्म्याहून बरेच जास्त येते.) तीन मीटर रुंद सांडव्यावरून एवढे पाणी जाण्यासाठी उंबरठ्यावर सुमारे 1.05 मीटर उंचीचा प्रवाह लागतो. मूळ उंबरठा माथ्यापासून दीड मीटर खाली होता, म्हणजे अशा पुरातही 45 सेंटीमीटर बांध कोरडा राहिला असता. आपण कट्टा नेमका 45 सेंटीमीटर उंच बांधला आहे. आजोबांनी पुरासाठी राखलेली जागा साठ्यासाठी वापरली गेली आणि आता तोच पूर माथ्याला टेकेल. त्यात जाळीला पालापाचोळा अडकून अर्धी वाट बंद झाली, तर पाणी बांधावरूनच वाहील, आणि मातीचा बांध वरून वाहणारे पाणी फार वेळ सहन करत नाही. कोरडा उतार चरत जातो, चर माथ्यापर्यंत मागे सरकतो आणि मग काही मिनिटांत खिंडार पडते.

म्हणून कट्टा आणि जाळी या दोन्ही गोष्टी पावसाळ्यापूर्वी काढाव्यात, ही माझी स्पष्ट विनंती आहे.

झाडीपट्टी

मी भंडारा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव गावोगावी आहेत. हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले, म्हणून आजही लोक त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. नवेगाव बांधाचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. आम्ही बांधाला पाळ म्हणतो, पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम आणि सांडव्याला सलंग.

आपला प्रश्न वाचून मला जुन्या माणसांची एक रीत आठवली. सलंग शक्यतो पाळीच्या भरावावर काढत नसत. पाळ जिथे संपते तिथल्या घट्ट जमिनीत किंवा खडकात ती काढायची, म्हणजे वाहत्या पाण्याचा मातीशी संबंधच येत नाही. आपल्या आजोबांनी सांडवा कातळात खोदला तो याच समजुतीने असणार. पाणी वाढवायचेच असेल तर तलावातला गाळ काढावा. गाळ शेतात जातो, खोली वाढते आणि पाळीवर जादा भार येत नाही. मात्र गाळ काढताना पाळीच्या पायथ्याजवळ खोदू नये. आमच्याकडे एका तलावाचे खोदकाम पाळीला अगदी चिकटून झाले. त्यात तळाचा चिकण थर निघून गेला आणि पुढच्या वर्षी तो तलाव दिवाळीपर्यंतही टिकला नाही.

नीरेकाठचा

मनःपूर्वक आभार. बाटली ठेवून पाहिली. पाणी वरून स्वच्छ दिसत होते, पण सकाळी तळाशी पातळ थर बसला होता आणि तो काळसर होता. दहा लिटरची बादली पहिल्या दिवशी 52 सेकंदांत भरली आणि अकरा दिवसांनी 47 सेकंदांत, आणि या काळात तलावाची पातळी 20 सेंटीमीटर उतरली आहे.

खोदण्याविषयी आपण विचारलेत आणि मला उत्तर देताना अपराधी वाटते आहे. पाच वर्षांपूर्वी खालच्या आमराईला विजेशिवाय पाणी जावे म्हणून मी स्वतः यंत्राने बांध आडवा खोदून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप टाकला होता. चर एका दिवसात खोदला आणि त्याच संध्याकाळी निघालेली सगळी माती एकत्र लोटून बुजवला. धार त्या पाईपच्या तोंडापासून दोन मीटरवर आहे. काल माथ्यावर दोरी ताणून पाहिले तेव्हा त्याच रेषेत बांध 10 ते 12 सेंटीमीटर खचलेला आढळला. हा खळगा गुरांच्या जाण्यायेण्याने पडला असावा, असे मी आजवर समजत होतो.

माती आणि पाणी

आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. मुरूम तांबडा आहे आणि बाटलीतला थर काळसर आहे, म्हणजे आपल्या बांधाच्या गाभ्याची माती वाहून येत आहे. पातळी उतरत असूनही धार वाढली आहे आणि माथा खचला आहे. ही तिन्ही लक्षणे एकाच रेषेत आहेत आणि ती रेषा पाईपची आहे.

गुळगुळीत पाईपच्या खालच्या अंगाला माती नीट ठोकली जात नाही. तिथे केसाएवढी फट राहते, पाणी तिच्यातून वाट काढते, एकेक कण नेते आणि फट पाण्याच्या बाजूकडे मागे मागे वाढत जाते. शिवाय आपण चर भरताना काळी माती आणि मुरूम एकत्र मिसळले, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात बांधाला गाभाच उरलेला नाही. बांधातून आरपार जाणारी कोणतीही वस्तू ही त्याची सर्वांत नाजूक जागा असते. पानशेतचे मातीचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले तेव्हाही मूळ दुखणे भरावाखालून जाणाऱ्या विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या मार्गाच्या) अपुऱ्या बांधकामात होते आणि त्यावरचा भराव खचत गेला होता. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि सुमारे वीस जणांचे प्राण गेले. त्या गावातील लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. मी हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. आपल्या हाती अजून तीन कोरडे महिने आहेत, एवढेच मला सांगायचे आहे.

आजच ओलीच्या जागी उलटा फिल्टर घाला, म्हणजे माती निघणे मंदावेल. त्यानंतर तलाव उतरवायला घ्या. तो पाईप पूर्ण उघडू नका, कारण त्याचे सांधे निसटले असतील तर पाणी दाबाने भरावातच सुटेल. त्याऐवजी माथ्यावरून सहा इंची एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाईप टाकून वक्रनळीने, म्हणजे सायफनने, पाणी काढा. व्यवहारात वक्रनळी सहा मीटरपर्यंत पाणी वर ओढते आणि आपल्याला साधारण तेवढेच लागेल. अशा पाईपमधून दिवसाला तीन ते चार हजार घनमीटर पाणी जाईल, मात्र खालच्या टोकाला झडप ठेवून पातळी दिवसाला 15 ते 20 सेंटीमीटरच उतरू द्या. पाणी झपाट्याने काढले तर पाण्याकडचा उतार आतून भिजलेला राहतो, बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार जातो आणि तो ढासळतो.

तलाव उतरल्यावर तो जुना पाईप ओढून काढू नका. त्याच्या रेषेत बांध वरपासून तळापर्यंत उघडा करा. चराच्या दोन्ही कडा उभ्या न ठेवता एकास एक उतारावर तासा आणि जुन्या भरावात पायऱ्या काढा, म्हणजे नवी माती जुनीला धरून बसेल. मग गाभ्यात काळी माती आणि अंगाला मुरूम असे वेगवेगळे भरत चला. थर 15 सेंटीमीटरचा असावा, ओलावा असा असावा की मुठीत दाबलेला गोळा फुटत नाही आणि हाताला चिखलही लागत नाही. रूळ (रोलर) मिळाला तर उत्तम, नाहीतर ठोकणीचे यंत्र चालेल, पण प्रत्येक थर ठोकल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. माथा शेवटी 15 सेंटीमीटर जास्त उंच ठेवा, तो पुढे बसतो.

उंबराचे झाड तोडून खोड तसेच सोडू नका. मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्या तयार होतात. त्याच खोदकामात मुळांसकट काढून ती जागा थरांनी भरून घ्या. पुढे उतारावर हरळीशिवाय काही वाढू देऊ नये. आमराईच्या पाण्यासाठी वक्रनळीच कायम ठेवता येईल.

सातारचा वकील

तांत्रिक बाबी वर आल्याच आहेत. कायद्याची बाजू मांडतो.

धरण सुरक्षा कायदा 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या, ठरावीक लांबी, साठा किंवा पूरक्षमता असलेल्या धरणांना लागू होतो. आपला बांध त्यात येत नाही. याचा अर्थ असा की कोणी अधिकारी दरवर्षी येऊन तपासणी करणार नाही आणि सगळी काळजी मालकालाच घ्यावी लागेल. दुसरे असे की जमीन आपली असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 नुसार ओढ्यांचे पात्र आणि त्यांतले पाणी, कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, शासनाचे मानले जाते. आजोबांच्या वेळच्या परवानगीचे कागद असतील तर ते शोधून ठेवा.

नुकसानीच्या जबाबदारीबद्दल दोन जुने निकाल सांगण्यासारखे आहेत. इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या 1868 च्या निकालाचा विषय खासगी तलावच होता. गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या तलावाचे पाणी खालच्या जुन्या खाणीच्या वाटांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही, धोकादायक वस्तू आपल्या जमिनीत साठवणाऱ्यानेच भरपाई द्यावी असे ठरले. भारतात मात्र मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटीनगरमचे जमीनदार या 1874 च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने) जमीनदाराला जबाबदार धरले नाही, कारण ते तलाव शेतीसाठी पूर्वापार चालत आलेले होते आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. आपला तलाव त्या जातीचा नाही. तो एका कुटुंबाने आपल्या उपयोगासाठी बांधलेला आहे आणि त्यात अलीकडे बदल केलेले आहेत. शिवाय गळतीची माहिती असूनही काही केले नाही आणि जीवितहानी झाली, तर प्रश्न भरपाईपुरता राहत नाही, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा होऊ शकतो.

तहसीलदार आणि ग्रामपंचायत यांना आजच लेखी कळवा. वाडीतल्या लोकांना मात्र पत्र पाठवू नका, स्वतः घरोघर जाऊन सांगा.

तीन नद्यांच्या संगमावरून

मी मूळचा सांगलीचा, सध्या पिट्सबर्गला राहतो. येथून दीड तासावर जॉन्सटाउन आहे. आपली कट्टा आणि जाळीची हकीकत वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

त्या गावाच्या वर 14 मैलांवर साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. 1879 मध्ये ते श्रीमंतांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबच्या ताब्यात गेले. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद होते. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते आणि क्लबने ते परत बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाची उंची कमी केली गेली आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या लावल्या गेल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्यांत ओंडके आणि कचरा अडकला. माणसे सकाळपासून जाळ्या मोकळ्या करण्यासाठी, माथ्यावर माती चढवण्यासाठी आणि दुसरा सांडवा खोदण्यासाठी झटत होती, पण त्या वेळी फार उशीर झाला होता. दुपारी धरण फुटले आणि 2,209 माणसे मेली. न्यायालयात क्लबवर काहीच शाबीत झाले नाही.

मी मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. बांधाची दोन टोके अजून उभी आहेत आणि मधल्या खिंडारातून ओढा वाहतो. आपण विचारणा करत आहात तो फेब्रुवारी आहे, मेचा शेवट नव्हे, याचा मला फार आनंद वाटतो.

नीरेकाठचा (मे अखेर)

सर्वांना कळवणे माझे कर्तव्य आहे. फिल्टर घातल्यावर चार दिवसांत बाटलीतला थर दिसेनासा झाला. मार्चमध्ये 17 दिवस वक्रनळी चालवून तलाव उतरवला. ते पाणी वाडीतल्या लोकांनी ओढ्यावरून उचलून उन्हाळी भुईमुगाला दिले. मासे काही विकले, काही शेजारच्या शेततळ्यात सोडले.

बांध उघडल्यावर पाईपच्या खाली मनगट जाईल एवढी पोकळी निघाली. ती पाण्याच्या बाजूने सुरू होऊन गाभ्याच्या पलीकडे पोहोचली होती. उंबराचे एक मूळ तिच्यात शिरलेले होते. काळी माती आजोबांनी आणली होती त्याच शेतातून आणली. 43 थर भरले आणि प्रत्येक थराची तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

कट्टा फोडला, जाळी काढली आणि कातळ फोडून सांडवा सात मीटर रुंद केला. तहसील कार्यालयाला पत्र दिले, त्याची पोच मिळाली आहे. वाडीत मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या एका आजींनी, बांध घालताना त्यांचे सासरे बैल घेऊन माती तुडवायला येत असत, असे सांगितले आणि तलाव पहिल्यांदा भरेल त्या दिवशी आपल्याला बांधावर घेऊन जावे अशी इच्छा बोलून दाखवली. यंदा तलाव एकदम भरू न देता जुलैअखेरपर्यंत वक्रनळी चालू ठेवून हळूहळू भरायचा, असे ठरवले आहे. बादली आणि बाटलीची नोंद दर रविवारी ठेवणार आहे आणि ती येथे देत राहीन.